प्रथिनांची घडी आणि रेणूंची कंपने : एका वाचनपद्धतीचा इतिहास

पेण आणि रोहे या तालुक्यांत भाताची कापणी उरकली म्हणजे जमिनीत मागे राहिलेल्या ओलीवर वाल पेरण्याची चाल फार जुनी आहे. १९८१ साली रायगड हे नाव मिळेपर्यंत कुलाबा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यातील ते रब्बीचे महत्त्वाचे कडधान्य होय. वाळलेला वाल कच्चा खाण्याचा प्रघात नाही. तो रात्रभर भिजवावा, फडक्यात बांधून त्याला मोड आणावे, एकेक दाणा सोलावा आणि मग त्याचे बिरडे शिजवावे, असा घराघरातला क्रम आहे. शेंगा ओल्या असताना, पौष-माघाच्या थंडीत, त्या भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरून व मडके पालथे घालून भोवती जाळ करण्याचा प्रकार या भागात पोपटी या नावाने प्रसिद्ध आहे. तीतही पाण्याचा थेंब न घालता दाणे शेंगेच्या अंगच्या वाफेवर शिजतात. या खटाटोपाचा चवीखेरीज आणखी एक लाभ आहे. वालात, तसेच इतर बहुतेक कडधान्यांत, अन्नातील प्रथिने फोडणाऱ्या ट्रिप्सिन या पाचक एंझाइमाला अडवून धरणारी प्रथिने असतात. उष्णतेने त्यांचा जोर ओसरतो. परंतु जोर ओसरतो म्हणजे रेणूत नेमके काय घडते? ॲमिनो अम्लांची साखळी तर शिजवल्याने तुटत नाही. बदलते ती तिची घडी. आणि घडी ही डोळ्यांस वा साध्या सूक्ष्मदर्शकास दिसणारी वस्तू नव्हे.

ही घडी ओळखण्याची एक रीत रेणूंच्या कंपनांवरून निघाली. प्रस्तुत निबंधाचा विषय त्या रीतीचा इतिहास हा आहे. त्यात एक विलक्षण योगायोग आढळतो. या रीतीला जे दोन धागे लागतात, म्हणजे कंपनांचा प्रकाशीय अभ्यास आणि अन्नातील प्रथिनांचे रसायन, ते दोन्ही १९३३ साली भारतातील एकाच संस्थेच्या आवारात उपस्थित होते. ते तेथे एकत्र आले नाहीत. ते का आले नाहीत आणि पुढे कोठे आले, हे पाहणे उद्बोधक आहे.

१९३३ हे साल चंद्रशेखर वेंकट रामन यांनी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे संचालकपद स्वीकारल्याचे होय. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेल्या कमला भागवत यांनी त्या संस्थेकडे प्रवेश मागितला. त्यांचे वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही त्याच संस्थेत शिकलेले रसायनज्ञ. मराठी वाचकांस त्यांच्या भगिनी दुर्गाबाई भागवत अधिक परिचित आहेत. अर्जदार स्त्री आहे, एवढ्या कारणावरून रामन यांनी अर्ज नाकारला. कमलाबाई बंगळुरास जाऊन संचालकांपुढे उभ्या राहिल्या आणि नकाराचे कारण विचारू लागल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर : पहिले वर्ष उमेदवारीचे धरले जाईल, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम करावे लागेल, आणि प्रयोगशाळेतील वातावरण त्यांच्यामुळे बिघडता कामा नये. एम. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले आणि १९३६ साली एम. एस्सी. ही पदवी मिळवली. पहिल्या वर्षाचे काम पाहून रामन यांनी संस्थेचे दार इतर विद्यार्थिनींना उघडले. पुढे केंब्रिज येथे वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम-सी या द्रव्यावरील संशोधनासाठी १९३९ साली त्यांना पीएच. डी. मिळाली. (रोह्यात बालपण गेलेले चिंतामणराव देशमुख हेही याच केंब्रिजमध्ये सुमारे दोन तपे आधी वनस्पतिशास्त्र व रसायन शिकून गेले होते, त्यांचा मार्ग पुढे अर्थकारणाकडे वळला.)

ही हकीकत स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. तथापि तिची दुसरी बाजू सहसा लक्षात घेतली जात नाही. ज्या माणसाच्या दारात ही प्रथिन-रसायनाची विद्यार्थिनी उभी होती, त्याच्या नावाचा परिणाम प्रथिनांच्या अभ्यासात पुढे एक प्रमुख साधन ठरणार होता.

या परिणामाचे स्वरूप थोडक्यात सांगणे अवश्य आहे. रेणूतील अणू एकमेकांशी स्थिर दांड्यांनी जोडलेले नसतात. त्यांमधील बंध ताणले जातात, आखडतात, वाकतात. प्रत्येक बंधाची आंदोलने अणूंच्या वजनावर व बंधाच्या ताठरपणावर अवलंबून असतात. प्रथिनांच्या साखळीत दर जोडाच्या ठिकाणी कार्बन व ऑक्सिजन यांचा एक दुहेरी बंध असतो आणि तो सेकंदाला सुमारे ५०,००० अब्ज वेळा कंप पावतो. ही अवजड संख्या टाळण्यासाठी शास्त्रज्ञ एका सेंटिमीटरात किती तरंग मावतात ते मोजतात आणि तिला तरंगसंख्या म्हणतात. वरील बंधाची तरंगसंख्या १६५० च्या आसपास येते. कंपनाची नोंद घेण्याचे मार्ग दोन. एक असा की, त्याच कंप्रतेचा अवरक्त प्रकाश पदार्थातून सोडावा आणि कोणता भाग शोषला जातो ते पाहावे. दुसरा, २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यास रामन व के. एस. कृष्णन यांना गवसलेला : एकाच रंगाचा प्रकाश पदार्थावर टाकावा आणि विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगाच्या आजूबाजूस ज्या क्षीण रेषा उमटतात, त्यांचे अंतर मोजावे. ते अंतर म्हणजेच कंपनाची तरंगसंख्या.

'वर्णपट' या मराठी संज्ञेविषयी येथे एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. अवरक्त भागात रंग नाहीत; तेव्हा वर्ण म्हणजे रंग असा अर्थ घेतल्यास ही संज्ञा तेथे विसंगत ठरते. परंतु वर्ण म्हणजे अक्षर असाही अर्थ मराठीत रूढ आहे, आणि या विषयाचा पुढील इतिहास पाहता तोच अर्थ अधिक समर्पक वाटतो. संज्ञा घडवणाऱ्यांनी हे मनात धरले असेल असे मात्र नाही.

बंगळुरात हे दोन धागे का जुळले नाहीत, याचे उत्तर केवळ व्यक्तींच्या स्वभावात शोधणे अन्यायाचे होईल. मुख्य अडचण साधनांची होती. रामन परिणाम अत्यंत दुर्बल आहे. कोट्यवधी प्रकाशकणांमागे एखादाच कण आपला रंग बदलून बाहेर पडतो. त्या काळी प्रकाशाचा उगम म्हणजे पाऱ्याचा दिवा आणि नोंदीचे साधन म्हणजे छायाचित्राची काच. १९४० नंतर ॲना मणी यांनी त्याच संस्थेत हिऱ्यांचे वर्णपट घेतले, तेव्हा एकेका काचेला पंधरा-वीस तास प्रकाश द्यावा लागे. आणि हिरा हा तर स्वच्छ, घट्ट, एकसारख्या अणूंचा स्फटिक. प्रथिनांचा द्राव गढूळ असतो, तो प्रकाश सर्व बाजूंस उधळतो, आणि त्यात शिल्लक राहिलेली लेशमात्र अशुद्धीदेखील दिव्याखाली स्वतःच उजळून उठते. त्या उजेडात रामन रेषा बुडून जातात. कडधान्याच्या अर्कातून काढलेले प्रथिन १९३४ साली या यंत्रापुढे ठेवले असते तरी काचेवर काळवंडलेल्या पडद्यापलीकडे काही उमटले नसते. याखेरीज रामन यांचे मन त्या वर्षांत ध्वनितरंगांनी होणारे प्रकाशाचे विवर्तन, पुढे हिरे व स्फटिक यांकडे ओढले गेले होते. जीवरसायन हा दुसऱ्या विभागाचा प्रांत होता. एवढे मान्य करूनही एक गोष्ट उरते. ॲमिनो अम्ले स्वच्छ पाण्यात विरघळतात, ती शुद्ध मिळतात, आणि त्यांचे वर्णपट पाऱ्याच्या दिव्यावरही घेता येतात. ही वाट उघडी होती.

ती चोखाळली अमेरिकेत, हार्वर्ड वैद्यक विद्यालयातील जॉन एडसल यांनी, १९३६ साली. म्हणजे कमलाबाईंनी बंगळुरात एम. एस्सी. पूर्ण केली त्याच वर्षी. एडसल यांचा प्रश्न साधा होता. ॲमिनो अम्ल पाण्यात असताना त्याच्या एका टोकास धन व दुसऱ्या टोकास ऋण विद्युत्‌भार असतो की नाही? अम्लगटातील कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाची रेषा १७०० च्या वर येते. ती ग्लायसिनाच्या उदासीन द्रावात दिसत नाही. द्राव आम्ल केला की प्रकट होते. अर्थात उदासीन द्रावात तो गट मूळ रूपात नसून विद्युत्‌भारित रूपात असतो. एखाद्या बोलीत विशिष्ट स्वर कोणत्या परिसरात लोप पावतो हे पाहून भाषाभ्यासक जसा नियम बांधतो, तसेच हे अनुमान होते. एडसल यांची ही निबंधमाला वीस वर्षांहून अधिक काळ चालली. १९५८ साली गारफिंकेल व एडसल यांनी पाऱ्याच्याच दिव्यावर लायसोझाइम या प्रथिनाचा रामन वर्णपट मिळवला. त्यात थोड्याच रेषा स्पष्ट होत्या. परंतु अखंड प्रथिनाचे कंपन वाचता येते, एवढे त्यातून ठरले.

मधल्या काळात घडीची कल्पनाच नव्याने मांडली गेली होती. १९३० नंतर लीड्स येथे ॲस्टबरी यांनी लोकरीच्या तंतूंची क्ष-किरण चित्रे घेतली आणि न ताणलेल्या व ताणलेल्या लोकरीच्या दोन रूपांना आल्फा व बीटा अशी नावे दिली. लोकर व रेशीम यांच्या अभ्यासातून आलेली ही दोन अक्षरे आज सर्व प्रथिनांना लागू केली जातात. १९५१ साली पॉलिंग, कोरी व ब्रॅन्सन यांनी आल्फा मळसूत्राची नेमकी मापे दिली. त्याच वर्षी चुणीदार बीटा पटाचीही. आणि त्याच वर्षी कोपनहेगनचे लिंडरस्ट्रॉम-लांग यांनी स्टॅनफर्ड येथील व्याख्यानांत प्रथिनांच्या रचनेचे तीन थर सांगितले : ॲमिनो अम्लांचा क्रम हा प्राथमिक, साखळीच्या शेजारशेजारच्या भागांनी हायड्रोजन बंधांच्या आधाराने घेतलेली वळणे ही द्वितीयक, आणि संपूर्ण साखळीची गुंडाळी ही तृतीयक संरचना. ध्वनी, पद व वाक्य यांच्या उतरंडीशी हिचे साम्य भाषाभ्यासकास चटकन जाणवते. ते फार ताणू नये, कारण पदाला अर्थ असतो, मळसूत्राला तसा नसतो. योगायोगाने 'प्रोटीन' या शब्दाचे मूळच 'प्रथम' या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. बर्झेलियस यांनी तो सुचवला आणि म्यूल्डर यांनी १८३८ साली रूढ केला. आणि आपल्याकडील 'प्रथिन' हा शब्द ध्वनी व अर्थ दोन्ही राखून घडवलेला, मराठी परिभाषेतील मोजक्या निर्दोष शब्दांपैकी एक आहे.

घडी व कंपन यांचा सांधा मात्र विद्यापीठात जुळला नाही. तो एका कापड-धाग्याच्या कंपनीच्या संशोधनशाळेत जुळला. इंग्लंडमध्ये मेडनहेड येथे कोर्टोल्ड्‌स या कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर एलियट व ई. जे. ॲम्ब्रोझ हे कृत्रिम पॉलिपेप्टाइडांचे पातळ पापुद्रे करून त्यांतून अवरक्त प्रकाश सोडीत होते. कंपनीला रेशमासारखा धागा हवा होता. महायुद्धाच्या काळात कृत्रिम रबर व इंधन यांच्या तपासणीसाठी अवरक्त मापनाची तयार यंत्रे बाजारात आली होती, त्यामुळे हे काम शक्य झाले. १९५० साली त्यांनी दाखवले की, साखळी दुमडलेल्या रूपात असेल तर कार्बन-ऑक्सिजन बंधाचा पट्टा १६६० च्या आसपास येतो; ती ताणून लांब झालेल्या रूपात असेल तर १६३० च्या आसपास. अंतर अवघे तीस. या पट्ट्याला पुढे 'पहिला अमाइड पट्टा' असे नाव स्थिरावले. १५५० जवळील दुसऱ्या व १२३० ते १३०० मधील तिसऱ्या पट्ट्यांपेक्षा घडीच्या बाबतीत तोच अधिक बोलका ठरला.

एलियट व ॲम्ब्रोझ यांनी केले ते एका कोशाचे काम होते. ज्यांचे रूप क्ष-किरणांनी आधीच माहीत होते, असे नमुने घ्यावे, त्यांच्या पट्ट्यांची स्थाने टिपावी, आणि मग अज्ञात नमुन्याचे स्थान पाहून त्याचे रूप सांगावे. हा कोश केवळ संगतीवर आधारलेला होता. पट्टा का सरकतो याची मीमांसा त्यात नव्हती. हायड्रोजन बंधामुळे कार्बन-ऑक्सिजन बंध किंचित ढिला होतो म्हणून तरंगसंख्या उतरते, हे स्पष्टीकरण सर्वांस सुचले, पण पुरले नाही. कारण चुणीदार पटाच्या वर्णपटात १६३० जवळच्या ठळक पट्ट्याखेरीज १६९० जवळ आणखी एक फिकट पट्टा येतो. एकाच प्रकारच्या बंधाला दोन स्थाने कशी?

याचे उत्तर जपानमधून आले. तोक्योत मिझुशिमा व शिमानोउची यांच्याभोवती रेणूंच्या कंपनांचा हिशेब मांडणारी एक पंथपरंपराच तयार झाली होती. तीत वाढलेले तात्सुओ मियाझावा यांनी १९६० साली मांडले की, साखळीतील बंध सुटे कंपत नाहीत. शेजारचा बंध आणि हायड्रोजन बंधापलीकडचा बंध यांच्या आंदोलनांशी त्याचे आंदोलन गुंतलेले असते; शेजारी ताल धरतात की उलट तालात जातात, यावर पट्ट्याचे स्थान ठरते, आणि म्हणून एकाचे दोन होतात. म्हणजे पट्ट्याचे स्थान एका बंधाविषयी सांगत नाही, ते मांडणीविषयी सांगते. संगतीचा कोश येथे व्याकरण झाला. या व्याकरणातही उणिवा होत्या. १९७२ साली मिशिगन विद्यापीठातील अबे व क्रिम यांनी दूरच्या बंधांमधील विद्युत्-आंदोलनांचा परस्परप्रभाव हिशेबात घेतला, तेव्हा १६३० आणि १६९० मधील अंतर प्रथमच समाधानकारकपणे निघाले.

याच मिशिगनच्या प्रयोगशाळेतून १९८६ साली सॅम्युएल क्रिम व जगदीश बांदेकर यांचा पेप्टाइडे, पॉलिपेप्टाइडे आणि प्रथिने यांच्या कंपन-वर्णपटांविषयीचा सुमारे १८० पृष्ठांचा प्रदीर्घ निबंध बाहेर पडला. त्यात मळसूत्र, पट आणि वळणे यांच्या प्रत्येक कंपनाचा हिशेब मांडलेला आहे. आजही या विषयात पाऊल टाकणाऱ्यास तो टाळता येत नाही. बांदेकर यांनी १९९२ साली अमाइड कंपने व प्रथिनांचे रूप यांवर आणखी एक आढावा स्वतंत्रपणे लिहिला. सावंतवाडीजवळच्या बांद्यावरून आलेले हे आडनाव कोकण-गोव्यात सर्वत्र आढळते. आडनावावरून माणसाची भाषा वा गाव ठरवणे धोक्याचे, हे खरे. परंतु या विषयाच्या मूलग्रंथावर ते नाव आहे, ही गोष्ट मराठी विद्यार्थ्यांच्या कानावर फारशी गेलेली नाही.

भारतात प्रथिनांच्या घडीचा सर्वांत मोठा शोध रामन यांच्याच शिष्याने लावला, हे येथे विसरता येत नाही. १९४२ साली बंगळुरास आलेले गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन हे रामन यांच्याकडे प्रकाशविज्ञान व क्ष-किरण शिकले. मद्रास येथे त्यांनी गोपीनाथ कर्था यांच्यासह १९५४ साली कोलॅजेनाच्या तिपेडी रचनेची कल्पना मांडली, आणि १९६३ साली रामकृष्णन व शशिशेखरन यांच्यासह साखळीच्या जोडांना कोणते कोन घेता येतात याचा तो सुप्रसिद्ध नकाशा काढला. मात्र त्यांची वाट क्ष-किरण व अवकाश-रसायनाची होती. गुरूचा परिणाम त्यांनी प्रथिनांच्या घडीसाठी मुख्य साधन म्हणून वापरला नाही. यात दोष काढण्याजोगे काही नाही. १९५४ साली मद्रासेत कोलॅजेनावर पाऱ्याचा दिवा लावून बसणे हा व्यर्थ कालव्यय ठरला असता.

मुंबईत तो प्रसंग पुन्हा एकदा आला. १९४७ साली विवाहानंतर सोहोनी झालेल्या कमलाबाई पुढे लवकरच रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनाच्या प्राध्यापिका झाल्या. त्याच संस्थेत नी. रा. तावडे यांनी १९३० नंतरच्या काळात रेणूंच्या पट्ट-वर्णपटांची मुंबईतील परंपरा उभी केली होती. ज्योतीत किंवा विद्युत्‌ विसर्जनात उजळलेल्या लहान रेणूंच्या पट्ट्यांवरून त्यांच्या कंपनांचे स्थिरांक काढणे हा या शाखेचा उद्योग. एका छपराखाली पुन्हा दोन्ही विद्या नांदत होत्या. फरक इतकाच की, एका बाजूचे रेणू दोन अणूंचे आणि दुसऱ्या बाजूचे हजारो अणूंचे होते. ही दरी ओलांडण्यास जे यंत्र व जी गणिती रीत लागते, ती त्या काळात मेडनहेड व तोक्यो येथे नुकती घडत होती. कमलाबाईंच्या शाळेने नीरा, धानआटा आणि कडधान्यांची प्रथिने या तीन विषयांवर काम केले. १९५० नंतरच्या दशकात तेथून भारतीय कडधान्यांतील ट्रिप्सिन-निरोधकांवर निबंध प्रसिद्ध झाले. निरोधक किती आहे, तो कसा शुद्ध करावा, उष्णतेने त्याचे काय होते, हे प्रश्न रासायनिक रीतीने सोडवले गेले. पेण-रोह्याच्या स्वयंपाकघरात जे पिढ्यान्‌पिढ्या केले जात होते, त्याची संख्यात्मक नोंद अशा कामातून सुरू झाली. घडीचा प्रश्न मात्र त्यापलीकडे होता.

त्या प्रश्नाचे महत्त्व निरोधकांच्या बाबतीत विशेष आहे. कडधान्यांत त्यांची दोन कुळे प्रमुख. कुनित्झ कुळातील सोयाबीनच्या निरोधकात १८१ ॲमिनो अम्ले व अवघे दोन डायसल्फाइड बंध असतात. बोमन-बर्क कुळातील निरोधक लहान. सोयाबीनमधील त्याच्या नमुन्यात ७१ ॲमिनो अम्ले, पण सात डायसल्फाइड बंध. वालातील निरोधक या दुसऱ्या कुळाचे आहेत. गंधकाच्या इतक्या टाक्यांनी शिवलेली घडी उष्णतेला सहज दाद देत नाही. भिजवणे, मोड आणणे व दीर्घकाळ शिजवणे हे सर्व मिळून का लागते, याचे एक कारण येथे सापडते. आणि या टाक्यांचे कंपन रामन वर्णपटात ५०० ते ५५० च्या दरम्यान स्पष्ट दिसते, तर अवरक्त वर्णपटात ते जवळजवळ दिसतच नाही. एक रीत पट पाहते, दुसरी टाकेही पाहते.

हे सर्व प्रत्यक्षात वाचता येण्यास तीन अडथळे दूर व्हावे लागले. पहिला पाण्याचा. पाण्याच्या स्वतःच्या रेणूचे वाकणे १६४५ जवळ येते, म्हणजे नेमके पहिल्या अमाइड पट्ट्यावर. म्हणून सुरुवातीचे अवरक्त काम वाळवलेल्या पापुद्र्यांवर झाले, आणि वाळवलेले प्रथिन पेशीतल्यासारखे असते का, ही शंका कायम राहिली. जड पाणी वापरले की हा पट्टा १२१० कडे सरकतो. १९६७ साली सुसी, तिमाशेफ व स्टीव्हन्स यांनी या युक्तीने द्रावातील प्रथिने तपासली. दुसरा अडथळा दिव्याचा. १९६० साली लेसर आला, आणि १९७० साली लॉर्ड व यू यांनी लेसरच्या साह्याने लायसोझाइमाचा जो रामन वर्णपट दिला, त्यापुढे १९५८ ची काच म्हणजे धुक्यातले चित्र वाटते. तिसरा पट्ट्यांच्या सरमिसळीचा. एका प्रथिनात मळसूत्रे, पट व वळणे सगळीच असतात. त्यांचे पट्टे एकमेकांवर चढून एकच रुंद उंचवटा होतो. फूरिये रूपांतरावर चालणारी यंत्रे आल्यावर त्याची फोड गणिताने करता येऊ लागली. १९८६ साली बायलर व सुसी यांनी २१ प्रथिनांचे असे पृथक्करण केले.

हे दोघे जेथे काम करीत होते, ती जागा लक्षणीय आहे. ती अमेरिकेच्या कृषिखात्याची फिलाडेल्फियाजवळील प्रयोगशाळा. तिचा नेहमीचा व्यवसाय दूध व शेतमाल यांची प्रथिने. १९३३ साली बंगळुरात दूध व डाळी ज्या बाकावर होत्या आणि रामन वर्णपट ज्या खोलीत होता, त्यांमधली भिंत येथे नव्हती. अन्नाचा अभ्यास करणाऱ्याला यंत्र हाताशी होते आणि यंत्र जाणणाऱ्याला प्रश्न माहीत होता. मेडनहेडची गोष्टही तीच. शोधाला बुद्धी लागते हे खरेच. पण या विषयापुरते बोलायचे तर, एका शाखेचा प्रश्न दुसऱ्या शाखेच्या टेबलावर नेऊन ठेवणारी संस्था अधिक दुर्मिळ होती. कमलाबाईंना रात्री काम करण्याची अट घालणाऱ्या व्यवस्थेकडून हे घडणे अवघड होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पृथक्करणाच्या यशाबरोबर त्याचा गैरवापरही वाढला. उंचवट्याची फोड करताना किती पट्टे मानावे हे करणाऱ्याच्या हाती असते. आणि १६५५ म्हणजे मळसूत्र, १६३० म्हणजे पट, असे तक्ते समोर ठेवून टक्केवारी दशांशापर्यंत छापली जाऊ लागली. १९९५ साली जॅक्सन व मॅन्च यांनी या पद्धतीच्या उपयोगाबरोबर तिच्या दुरुपयोगावरही लिहिले. एकच पट्टा निरनिराळ्या मांडणींतून येऊ शकतो, ॲमिनो अम्लांच्या शाखाही त्याच भागात शोषण करतात, आणि ज्ञात स्फटिकरचनेशी जुळलेली टक्केवारी अज्ञात प्रथिनात जुळेलच असे नाही, हे त्यांचे आक्षेप आजही लागू आहेत. शब्दकोश हाती धरून परक्या भाषेतील कवितेचे भाषांतर करणाऱ्याची जी फजिती होते, तीच ही. बांदेकर-क्रिम यांचा निबंध वाचलेला अभ्यासक या मोहात सहसा पडत नाही, कारण पट्टा कोठून येतो हे त्याला ठाऊक असते.

२०२१ पासून प्रथिनांच्या क्रमावरून त्यांचे त्रिमितीय रूप संगणकाने वर्तवणे सर्वांस सुलभ झाले आहे, आणि त्या कामास २०२४ चे रसायनाचे नोबेल पारितोषिकही मिळाले. मग १६३० व १६६० यांच्या वाचनाचे प्रयोजन काय उरले, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. संगणकाचे भाकीत, तसेच स्फटिकाचे चित्र, हे सुघटित रेणूचे असते. घडी मोडलेले, एकमेकांत अडकलेले, साकळलेले प्रथिन स्फटिक होत नाही. कंपन-वर्णपटाला मात्र नमुना द्राव आहे, पीठ आहे की गाळ, याचे सोयरसुतक नसते. उष्णता दिलेल्या प्रथिनात १६१० ते १६२५ च्या दरम्यान एक नवा पट्टा उगवतो. निरनिराळ्या रेणूंच्या मोकळ्या झालेल्या साखळ्या परस्परांना बिलगून जे पट तयार करतात, त्यांची ती खूण होय.

२०१२ साली इटलीत कार्बोनारो, मासेल्ली व नुकारा यांनी कडधान्यांची कच्ची आणि उष्णता दिलेली प्रथिने अवरक्त वर्णपटाने तपासली व त्यांच्या पचनीयतेशी ताडून पाहिली. बीटा पटांचे प्रमाण जितके अधिक, तितके प्रथिन पचनास अवघड, असा संबंध त्यांना आढळला. म्हणजे उष्णता एका हाताने निरोधकाची घडी मोडून पचन सोपे करते आणि दुसऱ्या हाताने साठवणीच्या प्रथिनांत हे नवे, चिवट पट निर्माण करते. किती वेळ, किती आच आणि किती ओल असता पहिले साधते व दुसरे टळते, हा हिशेब पेणच्या बिरड्याचा वेगळा आणि पोपटीच्या मडक्यातील वाफेवर शिजलेल्या ओल्या दाण्याचा वेगळा निघावा. आणि तो मांडण्यास लागणारे यंत्र आता महाराष्ट्रातील अनेक विद्यापीठांच्या रसायन विभागांत आहे.